कृपेविना ख्रिस्ती : मराठी समीक्षेचे एक सोयीस्कर वाचन

१

मराठी समीक्षा ख्रिस्ती साहित्याशी नेहमीच सौजन्याने वागत आली आहे, आणि या सौजन्याच्या आडोशानेच तिने ते साहित्य वाचण्याचे टाळले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव निघाले की 'क्रिस्तपुराणा'तील मराठीच्या गौरवाच्या ओव्या पुढे केल्या जातात. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटले की फुले, मुले आणि बालकवींवरील ममत्व. लक्ष्मीबाई म्हटल्या की निर्मळ विनोद आणि अकृत्रिम शैली. बाबा पदमनजी म्हटले की मराठीतील आरंभीची सामाजिक कादंबरी. यांतील प्रत्येक गौरव मनापासूनचा आहे. मात्र ज्याचा गौरव केला जातो ती ख्रिस्ती धर्मानुभव वजा केल्यावर उरणारी बाकी असते. ज्या दोन शब्दांभोवती हे सारे लेखन फिरते ते पाप आणि कृपा हे शब्द समीक्षेच्या परिभाषेत प्रवेशच करीत नाहीत.

'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवाचा आज्ञाभंग आणि तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, कार्य, क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान अशी त्याची रचना आहे. ही रचना केवळ कथाक्रमाची नाही. पहिले पुराण हे ऋण आहे आणि दुसरे त्या ऋणाची फेड आहे. पाप हे या काव्याचे कथाबीज, तर कृपा हे त्याचे निर्वहण. एवढ्या मोठ्या वास्तूच्या प्रवेशद्वारावरील चार-सहा ओव्या तोडून त्या भाषाभिमानाच्या दिवाणखान्यात टांगावयाच्या आणि वास्तूला मात्र कुलूप घालावयाचे, असा हा व्यवहार आहे. ज्ञानेश्वरीतही मराठीच्या बोलाचा अभिमान आहे. परंतु निवृत्तिनाथांची कृपा आणि अद्वैताचा अनुभव वजा करून केवळ त्या अभिमानावर ज्ञानेश्वरीचे महत्त्व उभारण्याचे धाडस कोणी करणार नाही. जो न्याय ज्ञानेश्वरीला, तो 'क्रिस्तपुराणा'ला का नसावा?

या टाळाटाळीची किंमत दुहेरी आहे. कृपेचा विषय बाजूला ठेवला की तिच्याविषयी विचारावयाचे अवघड प्रश्नही बाजूला पडतात. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते, जुनी देवळे पाडली गेली होती, जुनी पुराणे नवख्रिस्ती माणसाच्या हातून काढून घेतली गेली होती. त्या रिकाम्या जागी हे पुराण आले. जी कृपा मुक्तपणे दिली जाते आणि मुक्तपणे स्वीकारावी लागते असे ते सांगते, ती बळाच्या छायेत सांगितली जात असताना तिच्या निवेदनात कोणता ताण निर्माण होतो? प्रश्न विचारणारे श्रोते आणि उत्तर देणारा पाद्री ही जी संवादाची चौकट स्टीफन्स यांनी योजली, तीत श्रोत्यांचा संशय कितपत खरा आणि कितपत उत्तरासाठी रचलेला? हा प्रश्न वाङ्मयीन आहे आणि नैतिकही. भाषाभिमानाच्या ओव्यांपाशी थांबणाऱ्या समीक्षेला तो सुचूच शकत नाही.

२

वरील आक्षेपाला एक प्रतिष्ठित उत्तर आहे. ते असे : मराठी ख्रिस्ती काव्य हे भक्तिपरंपरेचेच एक अंग असून टिळक हे ख्रिस्ती वेशातील संतकवी होत. अभंग, ओवी आणि कीर्तन ही रूपे त्यांनी स्वीकारली. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलो अशी त्यांची धारणा होती. वारकरी कवितेतही पतित आहे, पतितपावन आहे, कृपेची याचना आहे. मग ख्रिस्ती पाप आणि ख्रिस्ती कृपा यांचा वेगळा विचार कशासाठी?

या उत्तराला ख्रिस्ती अभ्यासकांनीही हातभार लावला आहे. निकोल मॅक्निकोल यांनी १९१९ मध्ये मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केले; जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२६ पासून महाराष्ट्रातील संतकवींवरील ग्रंथमाला चालविली; तमिळ धर्मचिंतक ए. जे. अप्पास्वामी यांनी १९२७ मध्ये ख्रिस्ती धर्माची मांडणीच भक्तिमार्ग म्हणून केली. या प्रयत्नांमागील आस्था निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो या आस्थेचे पुढे जे सोयीस्कर सूत्र बनले त्याचा. 'शेवटी सारे एकच' या सूत्राने धर्मपंडितांचे भांडण मिटत असेल. कविता वाचण्याच्या कामी ते निरुपयोगी आहे, कारण कवितेचे सारे जगणे भेदात असते.

शब्द एकच असला तरी त्याचे व्याकरण निराळे असू शकते. कर्मविपाकाच्या चौकटीत पाप हे जमाखर्चाच्या वहीतील एक कलम आहे. त्याला पुण्याची जोड आहे, मागील आणि पुढील जन्मांचा विस्तार आहे, भोगून ते सरते. 'पापभीरू' हा मराठीत गौरवाचा शब्द आहे. ज्याच्या खात्यावर पाप थोडे तो पापभीरू. पौल आणि ऑगस्टीन यांच्या परंपरेत पाप हे आधी कृत्य नसून इच्छेला पडलेला बाक आहे. हित कळते, हवेसेही वाटते, आणि तरी पाऊल उलट दिशेला पडते. या दुभंगलेल्या इच्छेला पुण्याचा संचय उपयोगी पडत नाही, कारण संचय करणारी इच्छाच वाकलेली आहे. इतकेच काय, उपासनाही या बाकातून सुटत नाही. प्रार्थनेस उभा राहिलेला माणूस आपल्या प्रार्थनेवरच भाळू शकतो. म्हणून त्या परंपरेत 'पापी' हे वाईट माणसाचे वर्णन नसून प्रार्थनेस उभ्या राहिलेल्या कोणाचेही नाव आहे.

येथे भारतीय परंपरा कर्माची आणि ख्रिस्ती परंपरा कृपेची, असा ढोबळ भेद करण्याचा मोह आवरावयास हवा. श्रीवैष्णवांच्या दोन शाखांतील वाद प्रसिद्ध आहे. माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिलाला मांजरीच उचलून नेते. मोक्षात जीवाचा वाटा पहिल्यासारखा की दुसऱ्यासारखा, या प्रश्नावर तेथे जे मंथन झाले ते ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्या वादापेक्षा तिळभरही उथळ नाही. रूडॉल्फ ओट्टो यांनी १९३० मध्ये या दोहोंची तुलना केली, तेव्हा कृपेची कल्पना भारतातही तितकीच प्रगल्भ आहे हे मान्य करूनच त्यांनी भेद दाखविला : येथे कृपा संसाराच्या बंधनातून सोडविते, तेथे ती अपराधाच्या जाणिवेतून सोडविते. रोग निराळा आहे, म्हणून औषधाचे नाव एक असूनही त्याचे कार्य निराळे आहे.

तुकारामांची आत्मनिंदा कोणत्याही ख्रिस्ती पापनिवेदनापेक्षा कमी प्रखर नाही. परंतु तुकाराम देवाशी भांडू शकतात, आणि या भांडणाचा आधार असा की भक्त पतित नसता तर देवाला पावन हे नाव कोठून मिळाले असते? भक्ताचे पातित्य हेच तेथे देवावरील हक्काचे साधन बनते. ख्रिस्ती काव्यात हा हक्क सांगता येत नाही. क्षमा करणाऱ्याने त्या क्षमेची किंमत इतिहासातील एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट राज्यकर्त्याच्या आज्ञेने, आपल्या देहाने चुकविलेली आहे, अशी तेथे श्रद्धा असते. तेथे भांडणाची जागा लज्जा घेते आणि हक्काची जागा कृतज्ञता. टिळक अभंगाचे रूप स्वीकारतात तेव्हा शतकानुशतके सलगी आणि कलह पेलण्यास सरावलेल्या या रूपात त्यांना ही लज्जा बसवावयाची असते. ती जेथे बसत नाही, जेथे रूप एकीकडे ओढते आणि अनुभव दुसरीकडे, तेथे टिळकांची कविता खऱ्या अर्थाने सुरू होते. 'ख्रिस्ती संतकवी' हे बिरुद नेमकी तीच जागा झाकून टाकते.

३

हा ताण केवळ काव्यरूपाचा नाही, तो शब्दांच्या पोटात आहे. विल्यम कॅरे यांनी १८११ मध्ये सेरामपूर येथे नव्या कराराचे मराठी भाषांतर छापले, तेव्हापासून मराठी बायबलकर्त्यांना मराठीतील मळलेल्या नाण्यांनीच व्यवहार करावा लागला आहे. हिंदी बायबलने 'अनुग्रह' घेतला, मराठीने 'कृपा' घेतला. पत्राच्या मायन्यातील, अर्जाच्या शेवटच्या ओळीतील, संस्थानिकाच्या छत्रातील हा शब्द. त्याला वरिष्ठाच्या मर्जीचा वास आहे, आणि मर्जी खप्पा होऊ शकते. न मागता, न मिळविता, अपात्राला दिले जाणारे आणि परत न घेतले जाणारे दान या अर्थी तो वापरावयाचा, म्हणजे त्याला त्याच्या साऱ्या नातेवाइकांपासून तोडून आणणे होय. 'नीतिमान ठरणे' हा दुसरा प्रयोग. मूळ कल्पना न्यायसभेतील आहे. दोषी असूनही निर्दोष म्हणून स्वीकारले जाण्याची. मराठीत तिला नीती चिकटली आणि कृपेचा सिद्धान्त सद्वर्तनाच्या उपदेशासारखा ऐकू येऊ लागला.

सर्वांत बोलके उदाहरण 'प्रायश्चित्त' या शब्दाचे आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त अपराध्याने स्वतः घ्यावयाचे असते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून जे ग्रामण्य माजले ते शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकाग्रणींना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्याच दशकात, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या समाजात ते प्रवेशले त्याच्या बायबलात प्रायश्चित्त हा शब्द ख्रिस्ताच्या मरणासाठी वापरला जात होता. निरपराध्याने अपराध्यासाठी केलेले प्रायश्चित्त. एकाच भाषेत, एकाच दशकात, एका शब्दाचा कर्ता असा उलटला. एकीकडे तो चहाचा विटाळ धुतो आणि माणसाला त्याच्या जातीत परत नेतो. दुसरीकडे तो विटाळाची कल्पनाच मोडतो आणि माणसाला जातीबाहेर काढतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी जाणिवेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला याहून मोठा पुरावा कोणता हवा? तरीही पंचहौद प्रकरण सामाजिक इतिहासात, टिळकांचा बाप्तिस्मा चरित्रात आणि बायबलचे भाषांतर मिशनऱ्यांच्या कार्यात, असे तीन कप्प्यांत तीन विषय ठेवले जातात आणि तिघांना जोडणारा शब्द कोणाच्याच वाट्याला येत नाही.

४

'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ (१९३४–३६) या अर्धवट वाचनाचा सर्वांत लाडका बळी आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्यांच्या स्वभावाचा गुण मानून समीक्षा तेथेच थांबते. परंतु हा विनोद कोणाला शक्य होतो? वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने ग्रासलेल्या घरात त्यांचे बालपण गेले. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे विटाळाच्या त्याच तर्काने त्यांचा संसार दुभंगला. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झुंजतात आणि १९०० मधील बाप्तिस्म्यापूर्वीच कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य न मानण्याच्या निश्चयाला येतात. या क्षणी विटाळाची जागा पाप घेते. विटाळ बाहेरून येतो आणि जन्मानुसार वाटला जातो. पाप आतून येते आणि त्यात कोणालाच सवलत नसते. ज्याला स्वतःला शुद्ध राखण्याचे काम उरले नाही, त्यालाच स्वतःवर इतक्या मोकळेपणाने हसता येते. लक्ष्मीबाईंचा विनोद हा कृपेच्या अनुभवाचा वाङ्मयीन परिणाम आहे. तो धर्मानुभवापासून सुटा काढून दाखविणे म्हणजे फुलावाचून वास दाखविण्यासारखे आहे.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला तर समीक्षा आलीच नाही. त्यांना स्त्रीमुक्तीच्या इतिहासाकडे सोपविण्यात आले. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षवृत्तान्तात त्या असे सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीने पटलेला धर्म आणि पापाच्या जाणिवेतून गाठलेला तारणारा यांत वर्षांचे अंतर आहे, आणि त्या ते लपवीत नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली अश्रूंनी, पापकबुलीने आणि रात्रंदिवस चाललेल्या प्रार्थनांनी जे उपासनेचे वादळ उठले, त्यापुढे सुधारकी वाचन संकोचते. स्त्रियांना आश्रय देणाऱ्या, मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचणाऱ्या रमाबाई हव्या असतात. गुडघे टेकलेल्या रमाबाई नको असतात. त्या दोघी एकच आहेत ही अडचण मात्र दूर होत नाही.

'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीबाबतही हेच घडते. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या आरंभीच्या तीन प्रवृत्ती 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' यांच्या नावांनी सांगितल्या, त्यामुळे पदमनजींना वास्तवाभिमुख परंपरेच्या मुळाशी मानाचे स्थान मिळाले. परंतु या मानाच्या बदल्यात कथेचा ख्रिस्तस्वीकाराकडे जाणारा ओघ हे प्रचाराचे ठिगळ ठरले. विधवांच्या दुःखाकडे पाहण्याची ती कठोर दृष्टी कोठून आली, असा प्रश्न विचारला असता तर ज्याला ठिगळ म्हटले तेच वस्त्राचे सूत असल्याचे दिसले असते. रूढीला चूक न म्हणता पाप म्हणणे, ही त्या वास्तवदर्शनाची प्रेरणा आहे.

५

ख्रिस्ती कृपेला महाराष्ट्रात खरा प्रतिपक्ष लाभला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारात. १९३५ मध्ये येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली तेव्हा ख्रिस्ती धर्माचा पर्यायही चर्चेत होता. १९५६ मध्ये त्यांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला. बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, ही त्यांची मांडणी कृपेच्या कल्पनेच्या वर्मावरच घाव घालते. ज्या माणसाला जन्मतःच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, त्याला 'तू पापी आहेस' हे दुसऱ्या धर्माने पुन्हा येऊन सांगावे काय? आणि सुटकेसाठी त्याने पुन्हा दुसऱ्याच्याच दयेकडे पाहावे काय?

हा आक्षेप गंभीर आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात महार आणि मांग समाजांतून जे लोक ख्रिस्ती झाले त्यांच्या उपासनागीतांचे आणि कीर्तनांचे वाचन याच आक्षेपाच्या प्रकाशात व्हावयास हवे. तेथे पाप या शब्दाने दोन विरुद्ध कामे केली आहेत. सर्वांनी पाप केले आहे, पुरोहितानेही आणि पाटलानेही, या विधानात एक भयंकर समता आहे. पापाची मक्तेदारी एका जातीच्या माथ्यावरून ते उचलते. पण हेच विधान अन्याय सोसणाऱ्याची नजर अन्याय करणाऱ्यावरून काढून स्वतःच्या अंतःकरणावर खिळवूनही ठेवू शकते. मंडळ्यांच्या बाकांवर जात टिकून राहिली, यावरून या दुसऱ्या शक्यतेचे बळ ध्यानी येते. एखाद्या ख्रिस्ती संहितेत पाप हा शब्द कोणाच्या अंगावर पडतो, आणि तो उच्चारणारा त्या शब्दाच्या कक्षेत स्वतः उभा असतो की कक्षेबाहेर, हा समीक्षेचा निकष होऊ शकतो. परंतु ज्या समीक्षेने कृपेला आधीच भक्तीत विरघळवून टाकले, तिने आंबेडकरांच्या आक्षेपालाही निराधार केले. कारण ज्याच्याशी वाद घालावयाचा तो पक्षच तिने सभेतून उठविला.

६

दोष एकाच बाजूचा नाही. ख्रिस्ती मंडळींत लिहिल्या जाणाऱ्या पुष्कळशा भक्तिपर पद्यानेही कृपेला स्वस्त केले आहे. पहिल्या कडव्यात पाप, दुसऱ्यात रक्ताने प्रक्षालन, तिसऱ्यात आभार. झुंज कोठेच नाही. डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मध्ये, नाझी राजवटीपुढे नमलेल्या चर्चला उद्देशून, स्वस्त कृपेचा धिक्कार केला होता : पश्चात्तापावाचून क्षमा, अनुसरणावाचून आश्वासन. ती केवळ धर्मसंस्थेची व्याधी नाही, वाङ्मयाचीही आहे. जो अनुभव लिहिण्यापूर्वीच सुटलेला आहे तो लिहावयाचा कशाला? ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनातील दहावे पुस्तक याबाबत विचार करावयास लावणारे आहे. धर्मांतराची कथा संपली आहे, लेखक आता बिशप आहे. आणि तेथे तो जिभेच्या, कानांच्या, स्तुतीच्या मोहांची झडती घेतो. स्तोत्रांच्या सुरांत रमताना आपण अर्थाकडे लक्ष देतो की सुरांकडे, हा संशय त्याला सोडीत नाही. कृपेनंतरही झुंज संपत नाही, आणि झुंज संपत नाही म्हणूनच कृपेची गरज रोजची राहते. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची सुरक्षित चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाल्यावरही त्यांची अस्वस्थता शमली नव्हती. उपासनासंगीताच्या पुस्तकात ज्यांची गीते आदराने गायिली जातात त्या टिळकांची ही अस्वस्थता मंडळींनाही तितकीशी नको आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू असल्याबद्दल विरोध झाला. त्यांच्या समर्थकांनी उत्तर दिले ते त्यांच्या मराठीप्रेमाचे आणि वसईच्या पर्यावरणासाठी त्यांनी केलेल्या संघर्षाचे. उत्तर खरे होते, पण त्यातही जुनी वजाबाकी होती. ज्याने आयुष्यभर प्रवचने दिली आणि बायबल मराठीत आणले, त्या लेखकाच्या बाजूने बोलताना त्याच्या चिंतनाचा गाभा मात्र बोलण्यात आला नाही. विरोधकांनी त्यांना ख्रिस्ती म्हणून नाकारले आणि समर्थकांनी ते ख्रिस्ती असूनही स्वीकारले. ख्रिस्ती लेखक म्हणून वाचण्याची निकड दोघांपैकी कोणालाच भासली नाही.

समीक्षकाने कृपेवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा येथे नाही. वारकरी न होता तुकाराम वाचता येतात आणि बौद्ध न होता धम्मपद वाचता येते. अपेक्षा एवढीच की ज्या प्रश्नाने हे लेखन जन्माला घातले तो प्रश्न वाचनात असावा : जाणूनही माणूस उलट का वागतो, आणि ज्याला स्वतःच्या बळावर सरळ होता येत नाही त्याचे काय करावयाचे? ख्रिस्ती साहित्य त्याचे एक उत्तर देते. ते नाकारावयाचे असेल तर आंबेडकरांनी नाकारले तसे, त्याच्या पूर्ण बळानिशी समोर ठेवून नाकारावे. मराठीच्या थोरवीच्या चार ओव्या पाठ म्हणून त्या उत्तराला निरोप देणे हा वाचनाचा मार्ग नव्हे.